गॅस काढून पेलेट शेगडी : धुराचा हिशेब

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, म्हणजे मेन, व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर या राज्यांत घर तापवणे हा हौसेचा विषय नसतो. हिवाळ्याचे चार-पाच महिने पारा शून्याभोवती किंवा त्याखाली असतो. शहराबाहेरच्या अनेक घरांपर्यंत गॅसची पाइपलाइन पोहोचलेली नाही, त्यामुळे अंगणात प्रोपेनची मोठी टाकी असते आणि ती भरायला ट्रक येतो. दिवाणखान्यात विटांची जुनी फायरप्लेस असते. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड जाळले की बरीचशी ऊब चिमणीतून वर निघून जाते. म्हणून गेल्या काही दशकांत अनेकांनी त्या कोनाड्यात काचेचे दार असलेली, गॅसवर चालणारी बंदिस्त पेटी बसवून घेतली. तिला इन्सर्ट म्हणतात. बटण दाबले की ज्वाळा दिसते आणि खोली तापते.

या पेट्या आता जुन्या होत आहेत, आणि प्रोपेनचे बिलही दरवर्षी नवे काहीतरी सांगते. अशा वेळी दुकानदार पेलेट स्टोव्ह दाखवतो. खऱ्या लाकडाची ज्वाळा, भुशापासून केलेले इंधन, वर पर्यावरणपूरक असल्याचा शिक्का. डॉलरचा हिशेब तो कागदावर मांडून देतो. धुराचा हिशेब त्या कागदावर नसतो, आणि वैद्यकीय दृष्टीने पाहायचा तो तोच.

पन्नाशी ओलांडलेल्या मराठी वाचकांना भुशाची शेगडी आठवत असेल. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती वखारीतून आणलेला भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद काढून घ्यायची आणि खालच्या भोकातून पेटवायचे. पेलेट हा त्याच भुशाचा कारखान्यातला अवतार. भुसा वाळवून प्रचंड दाबाने साच्याच्या भोकांतून काढला जातो. लाकडात लिग्निन नावाचा घटक असतो. तो उष्णतेने मऊ होतो आणि गार झाला की डिंकासारखा धरून ठेवतो. तयार होणाऱ्या कांड्या साधारण सहा मिलिमीटर जाडीच्या असतात. दिसायला अगदी आपल्या गुरांची गोळीपेंड. ओलावा दहा टक्क्यांहून कमी असतो. चांगल्या वाळलेल्या सरपणातही तो वीस टक्क्यांच्या आसपास असतो, आणि लाकूड धुरकटते ते मुख्यतः या ओलाव्यामुळे.

स्टोव्हची रचनाही हुशारीची आहे. वरच्या पेटीत कांड्या ओतायच्या. मळसूत्रासारखा फिरणारा एक दांडा त्या थोड्या थोड्या करून जळणाच्या भांड्यात टाकतो. एक पंखा ज्वाळेला हवा पुरवतो आणि धूर बाहेर ओढतो, दुसरा पंखा तापलेली हवा खोलीत सोडतो. इंधन आणि हवा दोन्ही मोजून मिळत असल्याने जळण बरेच पूर्ण होते. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या वायव्य भागात हे घरगुती स्टोव्ह प्रथम बाजारात आले, आज इटलीत त्यांचा खप प्रचंड आहे.

मग धूर किती? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने लाकडी स्टोव्हसाठी पहिले नियम १९८८ मध्ये केले. २०१५ मध्ये ते कडक केले, आणि मे २०२० पासून नव्या पेलेट स्टोव्हला तासाला २ ग्रॅमहून अधिक सूक्ष्मकण सोडण्याची मुभा नाही. चांगली यंत्रे प्रयोगशाळेत याहूनही बरीच कमी भरतात. लाकडाच्या जगात ही मोठी प्रगती आहे. पण गॅसशी तुलना केली की चित्र पालटते. याच संस्थेने लोकांच्या माहितीसाठी केलेल्या एका तुलनेत, सारखीच ऊब मिळवण्यासाठी जुना अप्रमाणित लाकडी स्टोव्ह ४.६ पौंड सूक्ष्मकण सोडतो, प्रमाणित लाकडी स्टोव्ह १.४, पेलेट स्टोव्ह ०.४९ आणि गॅसची भट्टी ०.००८३. म्हणजे पेलेट जुन्या लाकडी स्टोव्हच्या नवव्या हिश्शावर आहे आणि गॅसच्या साठपटीवर. नव्या स्टोव्हमुळे हा साठाचा आकडा काहीसा खाली येईल, तरी तो पाच-दहावर येणार नाही.

म्हणून पेलेट स्टोव्ह चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. तो कशाच्या जागी येतो आहे, हे आधी विचारायला हवे.

मोंटाना राज्यातील लिबी हे डोंगरांनी वेढलेले छोटे गाव. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा दरीत अडकून बसते आणि घराघरांतला लाकडाचा धूर तिथेच साचतो. २००५ ते २००७ या काळात तिथले अकराशेच्या आसपास जुने स्टोव्ह काढून कमी धूर करणारी साधने बसवली गेली. हिवाळ्यातील पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कणांचे प्रमाण पाव हिश्शाहून अधिक घटले. शाळकरी मुलांच्या छातीतली घरघरही कमी झाल्याचे पालकांच्या नोंदींत दिसले. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील लॉन्सेस्टन शहराने एक पाऊल पुढे टाकले. तिथे २००१ नंतर लाकडी हीटर काढून विजेवरची साधने बसवण्याला उत्तेजन दिले गेले. हिवाळ्यातील दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांची सरासरी घनमीटरला ४४ मायक्रोग्रॅमवरून २७ वर आली. २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात तिथल्या पुरुषांमधील हृदयविकाराचे आणि श्वसनविकारांचे मृत्यू घटल्याचे आढळले.

आपल्याकडेही हेच घडले आहे. २००६ च्या सुमारास ‘ऊर्जा’ नावाची, पंखा बसवलेली पेलेट शेगडी महाराष्ट्र-कर्नाटकातील गावांत आली. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनावर ती बेतलेली होती. चुलीपुढे बसणाऱ्या बाईसाठी ती सुधारणाच होती. पुढे पेलेट महागली आणि गावांनी तिच्याकडे पाठ फिरवली. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून सिलिंडर घरोघरी गेला तो चुलीवरचा आणखी वरचा टप्पा म्हणून. या सगळ्यांचा प्रवास धुराकडून कमी धुराकडे होता. गॅस काढून पेलेट आणणारे घर हा जिना उतरत असते.

उतरलेली एक पायरी म्हणजे नेमके काय, हे एका साध्या गणिताने कळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम सुचवली. एका ग्रॅममध्ये दहा लाख मायक्रोग्रॅम असतात. म्हणजे एक ग्रॅम सूक्ष्मकण या पातळीपर्यंत विरळ व्हायला दोन लाख घनमीटर स्वच्छ हवा लागते. मध्यम आकाराच्या सुमारे चार हजार खोल्यांत मावेल एवढी. स्टोव्ह रात्रभर चालला तर असे किती ग्रॅम बाहेर पडतील ते ज्याने त्याने मोजावे. वारा असेल तर धूर पांगतो. वारा पडलेल्या, कडाक्याच्या थंडीच्या रात्री मात्र तो गल्लीत रेंगाळतो, आणि स्टोव्ह सर्वांत जास्त चालतो तो नेमका अशाच रात्री. धूर सोडणारे घर आणि तो श्वासात घेणारे घर एकच असेल असे नाही. शेजारी दम्याचे मूल असू शकते.

हे कण केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही बारीक असतात. नाक-घसा त्यांना अडवू शकत नाही, ते फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत जातात. तिथे दाह होतो, आणि त्या दाहाचे पडसाद रक्तवाहिन्यांत उमटतात. दमा उफाळणे हा त्याचा दिसणारा परिणाम. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांची जोखीम वाढते, पण ती कोणी धुराच्या नावे लिहीत नाही. कॅनडातील मॉन्ट्रियल शहराने हे गांभीर्याने घेतले. ऑक्टोबर २०१८ पासून तिथे ताशी २.५ ग्रॅमहून अधिक कण सोडणारे घन इंधनाचे साधन वापरता येत नाही, आणि धुरक्याचा इशारा असताना, वीज गेलेली नसेल तर, चांगले साधनही पेटवायचे नाही. इटलीत पो नदीच्या खोऱ्यातील प्रांतांनी स्टोव्हना ताऱ्यांची वर्गवारी लावली आहे. पेलेटच्या सर्वांत मोठ्या ग्राहकांनाच असे नियम करावे लागले, यातच काय ते आले.

या चित्राला एक अपवाद आहे. गॅसच्या सगळ्याच पेट्या सारख्या नसतात. बंद काचेची, बाहेरची हवा घेऊन धूरही बाहेरच सोडणारी पेटी घरातील हवेला जवळजवळ हात लावत नाही. पण चिमणीच नसलेला, ज्वलनाचे सारे वायू थेट खोलीत सोडणारा एक प्रकारही अमेरिकेत विकला जातो. त्यातून नायट्रोजन डायऑक्साइड आणि भरपूर वाफ खोलीत येते. पहिल्याने दमेकऱ्यांची छाती आवळते, दुसरीने भिंतींवर बुरशी धरते. कॅलिफोर्नियात घरांसाठी या प्रकाराला बंदी आहे. अशा पेटीच्या जागी नीट बसवलेला पेलेट स्टोव्ह आला, तर त्या घराच्या आतली हवा सुधारेल. गल्लीतली नव्हे.

‘नीट बसवलेला’ या दोन शब्दांवर बरेच काही अवलंबून आहे. जुना इन्सर्ट काढणारा माणूस चिमणीत आधीपासून असलेल्या नळ्या पाहतो आणि त्याच वापरायचा मोह होतो. गॅसच्या पेटीच्या नळ्या बहुधा पातळ ॲल्युमिनियमच्या असतात. पेलेटच्या धुरात राख असते, त्याचे तापमान वेगळे असते आणि पंख्यामुळे तो नळीत दाबाने ढकलला जातो. त्यासाठी पेलेटकरिता प्रमाणित केलेली स्टेनलेस स्टीलची नळी चिमणीच्या टोकापर्यंत न्यावी लागते आणि तिचे सगळे सांधे हवाबंद करावे लागतात. जुनी गॅसची लाइन परवानाधारक कारागिराकडून कायमची बंद करून घ्यावी लागते. हे काम शनिवार-रविवारी स्वतः उरकण्याचे नाही. सांध्याला फट राहिली तर धूर दिसण्याआधी कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो.

या वायूची ओळख महाराष्ट्राला नव्याने करून देण्याची गरज नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने आणि थंडीत खोलीत पेटवून ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीने दर हिवाळ्यात माणसे दगावतात, ती याच वायूने. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गरगरते. घरातल्या सगळ्यांनाच एकदम त्रास होतो आणि बाहेर पडले की बरे वाटते. बरेच जण फ्लू समजून पांघरूण घेऊन झोपतात. यात सर्वांत फसवा भाग असा, की कोविडपासून घरोघरी आलेला बोटावरचा ऑक्सिमीटर अशा वेळी ९८ टक्के दाखवू शकतो, कारण वायू चिकटलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू असलेले हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही. आकडा चांगला म्हणून निर्धास्त राहिलेले घर धोक्यात असते. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कने शंभर टक्के प्राणवायू दिला तर साधारण तास-दीड तास. म्हणून संशय आला की आधी सगळ्यांनी घराबाहेर, मग रुग्णालयात.

पेलेटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी ती विकत घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. हा वायू सोडण्यासाठी पेलेट पेटलेली असण्याचीही गरज नसते. लाकडातील मेदाम्लांचा हवेशी संयोग होत राहतो आणि साठवलेल्या ढिगातून कार्बन मोनॉक्साइड हळूहळू सुटतो. त्याच वेळी खोलीतला प्राणवायूही कमी होत जातो. २००६ मध्ये स्वीडनच्या हेल्सिंगबोर्ग बंदरात पेलेट घेऊन आलेल्या जहाजावर एका खलाशाचा असा मृत्यू झाला. जर्मनीत २०१० मध्ये एक अभियंता, स्वित्झर्लंडमध्ये २०११ मध्ये एक गर्भवती स्त्री इमारतीच्या पेलेट-कोठारात शिरताच दगावली. ही कोठारे मोठी होती, शेकडो किंवा हजारो पोती मावतील अशी. आपल्या गावाकडचे धान्याचे पेव उघडल्यावर आत उतरण्याची घाई करू नये असे जुने लोक सांगत, तोच प्रकार. घरी आठवड्याला लागतील तेवढी पोती हवेशीर जागी ठेवण्यात असा धोका नाही. तळघराच्या बंद खोलीत सबंध हिवाळ्याचा साठा रचून ठेवणे मात्र टाळावे, आणि निजायच्या खोलीत तर एकही पोते ठेवू नये.

दैनंदिन वापरातल्या गोष्टी तुलनेने किरकोळ वाटतात, पण त्यांनीही माणसे रुग्णालयात पोहोचतात. गॅसचे बरेच इन्सर्ट वीज गेली तरी चालतात. पेलेट स्टोव्ह विजेशिवाय ठप्प होतो, पंखा थांबतो आणि आत उरलेला धूर घरात झिरपू शकतो. हिमवादळात वीज जाते तेव्हा लोक जनरेटर काढतात आणि तो गॅरेजमध्ये चालवतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये थंडीने वीजपुरवठा कोलमडला तेव्हा जनरेटर, बार्बेक्यूचा कोळसा आणि चालू ठेवलेल्या मोटारी यांच्या वायूने शेकडो लोकांना उपचार घ्यावे लागले. राखेचेही तसेच. राख गार दिसली तरी आत निखारा जिवंत असतो, घरच्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ती ओढली की यंत्र पेटते. ती झाकणाच्या लोखंडी बादलीत, घराबाहेर ठेवायची. ओतताना उडणारा बारीक भुसा दमेकऱ्याच्या नाकात जातो, ते काम दुसऱ्या कोणी करावे. आणि काच, मग ती गॅसच्या पेटीची असो वा पेलेटच्या, रांगत्या मुलाचे दोन्ही तळवे भाजून काढते. मूल ज्वाळेकडे ओढले जाते, हात टेकते आणि घाबरून तसेच थिजते. पुढे जाळी लावणे हाच त्यावर इलाज.

वजनाचा मुद्दा दुकानात कोणी काढत नाही. अमेरिकेत पेलेटचे एक पोते ४० पौंडांचे, म्हणजे सुमारे १८ किलोचे असते. त्यात आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरच्या साधारण निम्मी ऊर्जा असते. घराची बरीचशी ऊब याच स्टोव्हवर अवलंबून असेल तर एका हिवाळ्यात दोन-तीन टन लागू शकतात. म्हणजे शंभर-दीडशे पोती, प्रत्येक बर्फातून उचलून आणायचे. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि त्यात असे ओझे. बर्फ उपसताना झटका येणाऱ्यांची गोष्ट तिथल्या डॉक्टरांना पाठ असते. बायपास झालेल्या पासष्टीच्या गृहस्थांनी स्टोव्ह घेण्याआधी ही पोती कोण उचलणार ते ठरवावे.

इतके असूनही पेलेट घेण्याला सबळ कारण असू शकते. प्रोपेन परवडत नाही म्हणून कोणी घरच थंड ठेवणार असेल, तर तेही म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर बेतते. दूरवर एकटे, मोकळ्या माळावरचे घर असेल, जवळ शेजार नसेल, घरात कोणाला दमा किंवा जुनाट श्वसनविकार नसेल आणि चिमणीचे काम माहितगाराने केले असेल, तर पेलेट स्टोव्ह समंजस निवड ठरते. दाट वस्तीत, दरीतल्या गावात, दम्याचे मूल असलेल्या घरात मात्र चालू, बंद काचेचा गॅस इन्सर्ट काढून तो बसवणे वैद्यकीयदृष्ट्या उलटे पाऊल आहे. गॅसच्या विहिरी आणि गळती यांनी होणारी हवामानाची हानी खरी आहे. पण त्यावरचा उपाय धूर नसलेलाही आहे. उलट्या एसीसारखा चालणारा हीट पंप कडाक्याच्या थंडीतही घर तापवतो. मेन राज्याने एक लाख हीट पंपांचे २०२५ साठी ठेवलेले उद्दिष्ट २०२३ मध्येच गाठले. अमेरिकी सरकार २०२३ पासून चांगल्या क्षमतेच्या पेलेट स्टोव्हवरही ३० टक्के, कमाल दोन हजार डॉलरची करसवलत देत होते. ती २०२५ च्या अखेरीस संपली, त्यामुळे निदान तेवढ्यासाठी घाई करण्याचे कारण आता उरलेले नाही.

लेकीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडांच्या ओढीने अनेक मराठी आई-वडील ऐन थंडीत तिकडे जातात. त्यांतल्या कित्येकांना दमा असतो, छातीत स्टेंट असतो. त्यांनी नेहमीचे इनहेलर हातातल्या बॅगेत ठेवावे आणि पोहोचल्यावर मुलांना तीन गोष्टी विचाराव्यात : शेगडी कशावर चालते, धुराच्या नळीची तपासणी शेवटची कधी झाली, आणि निजायच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर आहे का. डिटेक्टर दिसला तरी त्याचे बटण दाबून आवाज येतो का पाहावे आणि पाठीवर छापलेली तारीख वाचावी. ही यंत्रे साधारण सात ते दहा वर्षांत निकामी होतात, आणि निकामी झाल्यावरही भिंतीवर तशीच लटकत राहतात.